दोष शोधण्याची मजुरी

जुन्या आलिशान गाडीचा भाव दरवर्षी उतरत जातो, तिच्या सुट्या भागांचा भाव मात्र उतरत नाही. तिशीच्या घरातली मर्सिडीज एखाद्या छोट्या गाडीच्या दरात मिळते, ठोकलेली किंवा बंद पडलेली असेल तर त्याहूनही कमीत. पण तिचा रेडिएटर, तिचे ब्रेक, तिच्या सस्पेन्शनचे बुश आजही मर्सिडीजच्याच दराने घ्यावे लागतात. ती स्वस्त असते ती त्यामुळेच. पुढे येणारा खर्च तिच्या किमतीतून आधीच वजा झालेला असतो. म्हणून अशी गाडी कमी पैशांत पुन्हा उभी करायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो त्या फंदात न पडण्याचा, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो योग्यही ठरतो. तरीही माझं म्हणणं असं आहे की गाडी नीट पारखून निवडली, आणि कोणतं काम स्वतः करायचं व कोणतं दुसऱ्याला द्यायचं याची वाटणी जमली, तर हे काम मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यातलं आहे, आणि करण्याजोगंही आहे. सगळा मुद्दा त्या वाटणीचा आहे, आणि आपल्याकडे ती सहसा उलटी केली जाते.

युरोप-अमेरिकेत लोक आपली गाडी आपण दुरुस्त करतात त्याचं मुख्य कारण मजुरी. तिथे मेकॅनिकचा तासाचा दरच इतका असतो की शनिवार-रविवार घरच्या गॅरेजमध्ये घालवले तर बिलाचा मोठा हिस्सा वाचतो. आपल्याकडे हे गणित लागू पडत नाही. पुण्यात किंवा कोल्हापुरात मर्सिडीजचे ब्रेकपॅड बदलायची मजुरी पॅडच्या किमतीपुढे किरकोळ असते. मग हात काळे कशाला करायचे, मिस्त्रीला द्या, असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. पण अशा गाड्यांवर लोकांचे लाखो रुपये जातात ते नेमके कशात? माझ्या मते ते जातात चुकीच्या निदानात. गॅरेजला पैसे मिळतात ते भाग बसवण्याचे. बिलावर भागाची किंमत लिहिता येते, बसवण्याची मजुरी लिहिता येते. तीन तास बॉनेट उघडं ठेवून एकेक वायर तपासली याचे पैसे लिहिले तर गिऱ्हाईक वाद घालतं. मिस्त्रीचा त्यात नाइलाज असतो. इंजिन मिसिंग करतंय म्हटलं की प्लग बदलून बघायचे, मग कॉइल, मग इंजेक्टर, मग एखादा सेन्सर. अल्टो किंवा वॅगनआरला ही पद्धत परवडते, कारण तिथे एकेक अंदाज थोडक्यात भागतो आणि मिस्त्रीच्या हाताखालून त्या गाड्या इतक्या गेलेल्या असतात की पहिलाच अंदाज बहुधा बरोबर येतो. मर्सिडीजच्या बाबतीत अंदाज महाग आणि अनुभव तुटपुंजा. चार अंदाज चुकले की गाडीच्या किमतीएवढा खर्च होतो, दोष तसाच राहतो आणि मालक कंटाळून गाडी काढून टाकतो. कमी पैशांच्या मालकाकडे एक गोष्ट मात्र कुठल्याही गॅरेजपेक्षा जास्त असते: एकाच गाडीला देण्यासाठी वेळ. तो त्याने दोष शोधण्यात घालवावा. नट-बोल्ट सोडायला माणसं मिळतात.

उदाहरण म्हणून मी मर्सिडीजची डब्ल्यू १२४ घेतो, कारण या कामाला इतकी अनुकूल आणि आपल्या परिसराशी इतकी जोडलेली दुसरी आलिशान गाडी मला दिसत नाही. ब्रूनो साको कंपनीचे डिझाइन-प्रमुख असताना ती घडली, १९८४च्या अखेरीस जगासमोर आली आणि १९९३मध्ये तिला ई-क्लास हे नाव मिळालं. १९९४ साली मर्सिडीज-बेंझने टेल्कोच्या भागीदारीत भारतात कंपनी काढली, आणि १९९५पासून टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यात हीच गाडी जोडली जाऊ लागली, पेट्रोलवरची ई २२० आणि डिझेलवरची ई २५०. भारतात तयार झालेली ही पहिली मर्सिडीज कार. चाकणचा कारखाना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००९ साली आला. त्यामुळे पुणे-मुंबई पट्ट्यात या गाड्या आणि त्यांवर हात बसलेली माणसं अजून सापडतात. त्याहून महत्त्वाचा तिचा काळ. आलिशान गाडी म्हणजे जाड पत्रा, उत्तम रबर आणि अचूक यंत्रकाम, असं तेव्हा समीकरण होतं. संगणक गाडीत शिरला होता, पण इंजिन, एबीएस अशा मोजक्या जागीच. तिचा एकुलता एक वायपर पाहा. एकाच पात्याने काचेचे वरचे दोन्ही कोपरे पुसले जावेत म्हणून ते फिरता फिरता बाहेर सरकतं आणि पुन्हा आत येतं. हे सगळं दंतचक्रं आणि दांड्यांच्या जोरावर, एकाही सेन्सरविना. झाकण काढून चालू केलं की तो कसा चालतो हे डोळ्यांना दिसतं, आणि जे डोळ्यांना दिसतं त्यातला बिघाड शिकाऊ माणसालाही सापडू शकतो.

निदान म्हणजे काय, हे तिच्या एका दोषावरून नीट कळेल. साधारण १९९२ ते १९९५ या काळात बनलेल्या अनेक मर्सिडीज गाड्यांत इंजिनच्या वायरिंग लूमला जे आवरण वापरलं गेलं, ते उष्णतेने हळूहळू कुजून गळून पडतं. बाहेरून लूम ठणठणीत दिसतो, काळी नळी जागच्या जागी असते. आत मात्र तांब्याच्या तारा उघड्या पडून एकमेकींना टेकू लागतात. मग गाडी सकाळी थरथरते, तापल्यावर सुधारते किंवा उलट जास्तच बिघडते, कधी चालूच होत नाही, आणि पावसाळ्यात तिचा भरवसाच उरत नाही. लक्षणं रोज बदलतात म्हणून प्रत्येक गॅरेज वेगळा भाग बदलतं. खरी तपासणी काही मिनिटांची आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, इंजेक्टरजवळ किंवा थ्रॉटलजवळ लूमची बाहेरची नळी बोटभर मागे सरकवायची आणि आतली एक तार हलकेच वाकवायची. आवरण शाबूत असेल तर ते तारेबरोबर वळतं. गेलेलं असेल तर पापडासारखं तडकून हातात येतं आणि खालचं तांबं दिसतं. तसं दिसलं की गाडीला सेल्फ मारायचा नाही, कारण उघड्या तारांचा शॉर्ट इंजिनच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचला तर खर्च कित्येक पटींनी वाढतो. उपाय दोन आहेत. नवा लूम घ्यायचा, नाहीतर त्याच जाडीची, उष्णता सोसणाऱ्या आवरणाची वायर आणून एकेक तार बदलायची. दुसरा उपाय स्वस्त पण चिकाटीचा. एका वेळी एकच तार काढायची, तिची जागा वायरिंगच्या नकाशावर ताडून पाहायची, नवी बसवून टोकं घट्ट आवळायची, मीटर लावून प्रवाह सलग जातोय याची खात्री करायची, आणि मगच पुढच्या तारेला हात लावायचा. थ्रॉटलच्या युनिटमधल्या तारांनाही हाच रोग होतो, तेव्हा तेही उघडून पाहावं लागतं. हे काम गॅरेजवाले मनापासून घेणार नाहीत, कारण तेवढ्या वेळात त्यांच्या कितीतरी गाड्यांचं सर्व्हिसिंग होतं. घरी ते रविवारा-रविवाराने पुरं होतं.

असाच दुसरा दोष ओव्हरव्होल्टेज रिलेचा. १२४च्या बऱ्याच आवृत्त्यांत बॅटरीमागच्या कप्प्यात एक छोटं धातूचं डबडं असतं, त्याच्या डोक्यावर फ्यूज. आतलं सोल्डरिंग वर्षानुवर्षांच्या थरथरीने चिरतं. मग एबीएसचा दिवा लागतो आणि त्याच सुमारास इंजिनचं आयडलिंगही बिघडतं. गॅरेज याची दोन निदानं करतं, ब्रेकचं वेगळं आणि इंजिनचं वेगळं, आणि दोन्हीकडे भाग बदलतं. दोघांना वीज एकाच डबड्यातून मिळते हे नकाशा वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. लक्षात आलं की सोल्डरिंग गनने भागतं. त्याआधीच्या १२३ मॉडेलच्या डिझेल गाडीत तर बिघाड दिसतो एका टोकाला आणि असतो दुसऱ्या टोकाला. किल्ली काढली तरी इंजिन थांबत नाही. त्या गाडीचं इंजिन व्हॅक्यूमने बंद होतं आणि दारांचं सेंट्रल लॉकिंगही त्याच व्हॅक्यूमवर चालतं. दारातल्या रबरी पडद्याला चीर गेली की व्हॅक्यूम तिथून गळतो आणि इंजिन चालतच राहतं. हे ठाऊक नसलेला माणूस डिझेल पंप खोलायला निघतो. ठाऊक असलेला हातपंप आणि गेज घेऊन एकेक नळी तपासत दारापर्यंत पोचतो. या तिन्ही दोषांत खर्चाचा आकडा भागाने ठरत नाही, आधी काय तपासलं यावर ठरतो.

गाडी कशामुळे स्वस्त झाली, हे निदान तर खरेदीच्या आधीच करायचं असतं. आपल्या बाजारात अशा गाड्या येण्याच्या ठळक वाटा तीन. एक पुराची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत, आणि २०१५च्या पुरात चेन्नईत, असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. विमा कंपन्या अशा गाड्या टोटल लॉस ठरवून काढून टाकतात आणि त्यांतल्या काही पुसून-चमकवून पुन्हा बाजारात येतात. त्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत, कारण कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी सुकतं पण गंज मागे ठेवतं, आणि मग एक दोष शोधायचा नसतो, शेकडो जागी कधीही डोकं वर काढणारे दोष असतात. दुसरी वाट दिल्लीची. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने मनाई केली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि तेव्हापासून तिथल्या महागड्या गाड्या मातीमोल भावाने इतर राज्यांत जातात. यात चांगल्या गाड्या असतात, पण एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नव्याने नोंदणी हा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा. तिसरी वाट गॅरेजच्या दारातून येते: चांगल्या घरची, वेळेवर सर्व्हिसिंग झालेली, पण एक दोष कुणालाच न सापडल्याने धूळ खात पडलेली गाडी. शोधायची ती हीच.

जितकी नवी तितकी बरी, हा समजही इथे घात करतो. १९९८ची एस-क्लास, डब्ल्यू २२०, आज डोळे दिपावेत इतक्या कमी किमतीत दिसते. पण ती हवेच्या सस्पेन्शनवर उभी आहे, आणि तिच्यात ठिकठिकाणी बसवलेली कंट्रोल युनिट्स एकमेकांशी सतत बोलत असतात. एक मुकं झालं की तक्रार भलतंच करतं. २००२ साली आलेल्या डब्ल्यू २११ ई-क्लासच्या सुरुवातीच्या गाड्यांत तर ब्रेकचं इलेक्ट्रो-हायड्रॉलिक युनिट ब्रेक किती वेळा लागले याची मोजदाद ठेवतं आणि ठरलेली मर्यादा आली की युनिट बदलण्याचा इशारा देतं. कंपनीने या प्रणालीपायी लाखो गाड्या परत बोलावल्या आणि पुढे २००६ साली ई-क्लासमधून ती काढूनच टाकली. त्या गाड्या वाईट होत्या असं मी म्हणत नाही. पण घरी मीटर, नकाशा आणि डोकं एवढीच हत्यारं असलेल्या माणसाला त्या दाद देत नाहीत.

मग मिस्त्रीला काय द्यायचं? जिथे हाताचं कसब किंवा धोका आहे ते सगळं. १२४ची पुढची स्प्रिंग खालच्या आर्म आणि बॉडीच्या मधे दाबून बसवलेली असते. ती काढायला आतून आवळणारा खास कॉम्प्रेसर लागतो आणि ती निसटली तर जीव जाऊ शकतो. ते काम ज्याच्याकडे ते हत्यार आहे त्यालाच द्यावं. एसीचा गॅस, व्हील अलाइनमेंट, पत्र्याचं वेल्डिंग, रंग, हेही तसंच. मात्र पत्रा सडलाय का, हे मालकाने स्वतः पाहावं. १९८९ नंतरच्या १२४ला दोन्ही बाजूंनी खाली प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत. त्यांच्या मागे ओल साठते आणि जॅक लावायच्या जागा आतल्या आत गंजतात. पट्ट्या काढल्याशिवाय ते कळत नाही. वर लांबी भरून रंग मारलेला असेल तर लोहचुंबक कुठे चिकटत नाही ते बघावं. आणि रंगाला हात सर्वांत शेवटी. बहुतेक हौशी माणसं सुरुवातच रंगाने करतात, कारण तो लोकांना दिसतो; पैसे तिथेच संपतात आणि चकचकीत गाडी अर्ध्या घाटात तापून उभी राहते. आधी ब्रेकचे रबरी पाइप आणि ब्रेक ऑइल, मग रेडिएटर, थर्मोस्टॅट, पाण्याचे पाइप, मग इंधनाची लाइन, मग वायरिंग. सीटचं कातडं फाटकं असलं तरी गाडी सुखाने पळते.

सुट्या भागांत बचत होते ती नंबर वाचता आला तर. मर्सिडीजच्या पार्ट नंबरचे पहिले तीन आकडे बहुधा तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते सांगतात. १२४च्या अंगावर २०१ने सुरू होणारा भाग निघाला, तर तो छोट्या १९० गाडीसाठी बनलेला आहे आणि शोध दोन मॉडेलांत घेता येतो. बॉश, लेमफर्डर, साक्स, बेअर, मान यांसारखे कारखाने कंपनीला भाग पुरवत आले. त्यांच्याच खोक्यातला भाग घेतला तर पैसे कमी लागतात आणि दर्जाला धक्का लागत नाही. कुर्ल्यातला सीएसटी रोड, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट्टई इथे जुने भाग मिळतात. काच, दारं, दिवे, डॅशबोर्डचे तुकडे, सीट तिथून खुशाल घ्यावेत. रबर, ब्रेक, बॉल जॉइंट मात्र जुने कधीही नाहीत, आणि नाव-गाव नसलेले नवेही नाहीत.

याला जे आक्षेप येतात ते हलके नाहीत. पहिला पैशांचा: एवढ्या रकमेत उत्तम सेकंडहँड स्विफ्ट येते. हे खरं आहे, आणि रोज ऑफिसला जायला एकच गाडी हवी असेल त्याने स्विफ्टच घ्यावी. पण ज्याच्याकडे ती सोय आहे त्याच्यासाठी हिशेब वेगळा. नवी गाडी घेतली तर पहिल्या काही वर्षांत तिचा जेवढा भाव उतरतो तेवढी रक्कम इथे वर्षांवर्षांत पसरून खर्च करता येते, आणि ही गाडी उतरायची तेवढी आधीच उतरलेली आहे. विकून नफा होईल या आशेने मात्र कुणी यात येऊ नये. तो होत नाही. सरकारी खर्चही धरावा लागतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं, वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ साली ते १०,००० झालं, शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी पन्नास वर्षं झाल्यावरच मिळते, आणि १२४ला अजून तेवढं वय नाही.

दुसरा आक्षेप प्रदूषणाचा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. भारतात चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तोच १९९५ साली. २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांशी या गाडीची तुलनाच होऊ शकत नाही. पुण्याच्या रोजच्या वाहतुकीत जुनी डिझेल मर्सिडीज रेटण्याचं समर्थन मी करणार नाही. पण महिन्यातून काही वेळा निघणाऱ्या पेट्रोल गाडीचं काय करायचं, हा प्रश्न वेगळा आहे. तिचं पोलाद, ॲल्युमिनियम, काच यांवर ऊर्जा खर्च होऊन तीस वर्षं झाली. कुजलेल्या लूमवर अडखळत, न जळलेलं पेट्रोल मागे सोडत चालणारी गाडी आणि तीच गाडी लॅम्डा सेन्सर व कन्व्हर्टर धड करून चालवलेली, यांच्या धुरात मोठा फरक असतो. पीयूसी केंद्रावर नुसतं प्रमाणपत्र घेऊन निघू नये, आकडे वाचावेत; तेही निदानाचंच साधन आहे. इंधनाचा आणखी एक पेच आता आला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि १९९०च्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. इथेनॉल सोसणारे पाइप आणि सील बसवणं हे म्हणूनच आता आगीच्या धोक्याचं काम समजून पहिल्या यादीत घ्यायला हवं.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात: ही गाडी तिच्या काळात मजबूत होती, पण आजच्या गाडीइतक्या एअरबॅग आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता-यंत्रणा तिच्यात नाहीत. ज्याला लहान मुलांना घेऊन रात्रीचा एक्सप्रेस-वे रोज गाठायचा आहे, त्याची ही गाडी नव्हे. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचून आठवडा आणि साल पाहावं. आणि काम करताना नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, दोन्ही बाजूंना घोड्या लावल्याशिवाय तर कधीच नाही.

शेवटचा आक्षेप मिस्त्रींच्या बाजूने येतो: आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसापेक्षा नकाशा वाचणाऱ्या मालकाला जास्त कळतं का? कळत नाही. चांगल्या मिस्त्रीच्या कानाला जे ऐकू येतं ते नकाशात सापडत नाही. पण तो कान वापरायला त्याला वेळ मिळावा अशी आपल्या गॅरेजची रचना नाही, आणि ती रचना आपण गिऱ्हाइकांनीच केली आहे. टेल्कोच्या आवारात या गाड्या जोडल्या जात होत्या त्या काळात ज्यांनी त्या पहिल्यांदा खोलल्या, ती माणसं आता निवृत्तीच्या वयात आहेत. असा कुणी भेटला तर गाडी त्याच्या ताब्यात देऊन निघून जाऊ नये. दोष कधी दिसतो, थंड इंजिनला की तापल्यावर, कोरड्या दिवशी की ओल्या, काय काय तपासून झालं, मीटरवर काय आकडे आले, हे लिहून न्यावं, त्याच्या शेजारी उभं राहावं, आणि एकही भाग न बदलता त्याने नुसतं ऐकून दोष सांगितला, तर त्या तासाचे पैसे त्याने न मागता द्यावेत.